बाजेवरून उठून चालण्यापर्यंत: पक्षाघातानंतरच्या व्यायामाची पार्श्वभूमी

अंगावरून वारं गेलं की माणसाला बाजेवर निजवायचं, लुळ्या हातापायाला तेल चोळायचं आणि वाट पाहायची, ही मराठवाड्यातल्या गावांची जुनी रीत. त्यात माया होती, पण पाय जमिनीला टेकवायला कुणी लावत नव्हतं. दोष घरच्यांचा नव्हता, त्या काळी डॉक्टरही विश्रांतीच सांगत.

भारतात फिजिओथेरपीचं शिक्षण १९५०च्या दशकात मुंबईत सुरू झालं, त्यामागे पोलिओची साथ होती. १९५६ला औरंगाबादेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालं, तेच आपलं घाटी. अंबाजोगाईचं सत्तरच्या दशकातलं.

तोवर लंडनमध्ये बर्टा बोबाथ यांची पद्धत रुजली होती. आधी ताठरपणा कमी करायचा, मग थेरपिस्टच्या हातांनी योग्य हालचाल घडवून आणायची. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या जॅनेट कार आणि रॉबर्टा शेफर्ड यांनी वेगळं मांडलं: जे काम जमत नाही, त्याच कामाचा सराव रुग्णानं स्वतः करायचा. उदाहरणार्थ खुर्चीतून उठणं. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायची, कमरेतून पुढं वाकायचं, भार दोन्ही पायांवर आणायचा आणि मगच उठायचं. बहुतेक रुग्ण सगळा भार धडधाकट पायावर टाकतात. तोल जातो तो तिथंच.

तोल मोजण्यासाठी कॅनडात १९८९ला बर्ग मोजपट्टी आली. त्यात १४ कृती आणि ५६ गुण. मोजपट्टी उत्तम आहे, पण त्या १४ कृतींत मांडी घालून बसणं किंवा जमिनीवरून उठणं नाही. चुलीपुढं बसून भाकरी थापणाऱ्या बाईला, उकिडवं बसून शौचाला जाणाऱ्या म्हाताऱ्याला रोज लागतं ते हेच. आपल्याकडच्या व्यायामात ते मुद्दाम घ्यायलाच हवं.

२०११ला अमेरिकेत ४०८ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराचा भार पट्ट्यांनी तोलून ट्रेडमिलवर चालवणं हे थेरपिस्टनं घरी येऊन करून घेतलेल्या व्यायामापेक्षा सरस ठरलं नाही. जिथं असं महागडं यंत्र जिल्ह्याच्या गावीही सहज मिळत नाही, तिथं ही मोठी दिलाशाची गोष्ट. २०१५च्या आणखी एका अभ्यासानं घाईला आवर घातला: पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार आणि जास्त वेळ उठवलं तर परिणाम उलट वाईट दिसले.

मग घरच्यांनाच शिकवून भागेल का? भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर हे तपासलं गेलं, निष्कर्ष २०१७ला आले. नातेवाइकांना व्यायाम शिकवून घरी पाठवलं, तरी सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबन यांत फरक पडला नाही. व्यायाम निरुपयोगी, असा याचा अर्थ मी काढत नाही. सुनेला किंवा मुलाला चार गोष्टी दाखवून सगळा भार त्यांच्यावर टाकणं पुरत नाही, एवढं मात्र नक्की. किती वेळा उठवायचं, आधार कधी सोडायचा, उद्या काय वाढवायचं, हे पाहायला जाणकार माणूस लागतो, आणि तो तालुक्याच्या गावापर्यंत पोचायला हवा.