टॅग, कुकी, डोमेन : वेबच्या शब्दांचं माहेर

नाशिकला कॉलेज रोडवर मी वेब डेव्हलपमेंटची संध्याकाळची बॅच घेते. निफाड, सिन्नर, दिंडोरीहून मुलं-मुली एसटीने येतात. पहिल्या आठवड्यात बहुतेकांच्या वहीत एक पान हमखास सापडतं. डावीकडे टॅग, सर्व्हर, डोमेन, कुकी, ब्राउझर असे शब्द आणि उजवीकडे कुठून तरी उतरवून घेतलेल्या व्याख्या. व्याख्या तोंडपाठ असतात, शब्द मात्र परकेच राहतात. यात मुलांचा काही दोष नाही. हे शब्द मुळात कुठून आले, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. संगणकवाल्यांनी ते शून्यातून घडवलेले नाहीत. छापखान्यातून, बंदरातून, पंगतीतून, अगदी कुरणातूनसुद्धा उचलून आणलेले आहेत.

छापखान्यापासूनच सुरुवात करते, कारण तो मी जवळून पाहिला. माझे बाबा रविवार कारंजाजवळच्या एका छापखान्यात जुळारी होते. खिळे जुळवून झाले की गॅलीवर शाईचा रूळ फिरवून कच्चं मुद्रित काढायचं आणि ते तपासनिसाकडे जायचं. परत यायचं तेव्हा समास खुणांनी भरलेला असे. शब्दाखाली नागमोडी रेघ म्हणजे हा ठळक टाइपात घ्या, शेपटीचं वेटोळं म्हणजे हे अक्षर काढून टाका. यातली एकही खूण शेवटच्या छपाईत दिसत नसे, पण छपाई चालायची ती त्यांच्याच हुकमाने. मजकुरावर अशा खुणा करण्याला इंग्रजीत मार्कअप म्हणतात. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमधला ‘एम’ तो हाच.

ही कागदावरची खूण संगणकात आणली ती आयबीएम या संगणक कंपनीतल्या चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी, १९६९ साली. आपल्या भाषेला त्यांनी जीएमएल नाव दिलं. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं त्यात ओळीने बसली आहेत. त्यांचा खरा विचार असा, की खुणेने ‘हे मोठं आणि ठळक करा’ असं सांगू नये, तर ‘हे शीर्षक आहे’, ‘हा परिच्छेद आहे’ असं सांगावं. ते दिसावं कसं, हे नंतर ठरवता येतं. माझ्या मते नवशिक्याला सगळ्यात उशिरा उमगणारी गोष्ट हीच आहे. अक्षर मोठं हवं म्हणून शीर्षकाचा टॅग, म्हणजे शीर्षकाची खूण, वापरणारी मुलं मला दर बॅचला भेटतात. जीएमएलमधून एसजीएमएल निघाली आणि १९८६ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली.

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत एसजीएमएलच्या खुणा वापरात होत्याच. ज्यातून पुढे वेब उभा राहिला तो प्रस्ताव टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये तिथेच दिला. त्यावर त्यांचे वरिष्ठ माइक सेंडल यांनी शेरा मारला, की कल्पना धूसर आहे, पण उत्साह वाटावा अशी आहे. एचटीएमएलच्या १९९१ च्या पहिल्या यादीत जेमतेम अठरा टॅग होते. शीर्षक, परिच्छेद, याद्या हे सगळं बर्नर्स-लींनी आहे त्यातून उचललं. खरी भर होती ती एका अक्षराच्या ‘ए’ टॅगची, जो एका पानावरून दुसऱ्या पानावर नेतो. ‘ए’ म्हणजे अँकर, मराठीत नांगर. हे सांगितलं की शेतकऱ्यांच्या घरची मुलं गोंधळतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे बैलांमागचा नांगर येतो. इथला नांगर जहाजाचा. मजकुरात एका जागी तो रुततो आणि दुवा तिथे बांधला जातो.

ब्राउझर हा शब्द मात्र या मुलांच्या थेट ओळखीचा निघतो. ब्राउज म्हणजे मुळात जनावरांनी झाडाचा कोवळा पाला खाणं. बाभळीवर पुढचे पाय टेकून, इथलं एक पान, तिथलं एक पान तोडणारी शेळी आठवा. पुढे माणसं ग्रंथालयात पुस्तकं चाळू लागली त्यालाही हाच शब्द लागला आणि तिथून तो संगणकात आला. सर्व्हर, म्हणजे पानं पुरवणारा संगणक, हा तर सरळ वाढपी. पंगतीतल्या पाहुण्याने मागायचं, वाढप्याने वाढायचं. या मागण्या-वाढण्याच्या नियमांच्या, म्हणजे एचटीटीपीच्या, पहिल्या रूपात पाहुण्याला एकच शब्द बोलता येत होता : गेट, म्हणजे ‘आणा’. बर्नर्स-लींच्या पहिल्या सर्व्हरवर लाल शाईत चिठ्ठी चिकटवलेली होती, की हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. तेव्हा सगळा वेब त्या एका डब्यात राहत होता.

डोमेन, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्यातलं नाव, समजावताना मी मुलांना रामकुंडावर नेते. तिथे तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळ्या आहेत. यात्रेकरू आला की आधी गाव विचारतात, मग आडनाव. त्या गावची वही ज्यांच्याकडे, त्यांच्याकडे तुम्हाला पाठवलं जातं. वही निघते, पान उलटतं आणि आजोबांची सही समोर येते. घाटावर कुणा एकाकडे सगळी गावं नाहीत, पण पुढे कुणाला विचारायचं हे ठाऊक असतं. डोमेन नेम सिस्टीम अशीच चालते. पत्ता शेवटाकडून वाचतात. मूळ सर्व्हर सांगतो ‘डॉट इन’वाल्यांना विचारा, ते आणखी पुढचा ठिकाणा देतात.

आधी असं नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट नेटवर्कमधल्या सगळ्या संगणकांच्या नावांची एकच फाइल सांभाळायचा. नवा संगणक जोडला की त्यांना कळवायचं, ते नाव चढवणार आणि बाकीच्यांनी नवी प्रत उतरवून घ्यायची. संगणक वाढले तशी एकच वही पुरेना. म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी वह्या वाटून दिल्या. त्या जुन्या फाइलची वारसदार, होस्ट्स नावाची छोटी फाइल, आजही तुमच्या लॅपटॉपवर आहे. शोधून उघडून बघा.

कुकीचा बिस्किटाशी संबंध फार दूरचा. युनिक्स या संगणकप्रणालीवर काम करणारे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला दिलेल्या खुणेच्या तुकड्याला मॅजिक कुकी म्हणत. वेबचा वाढपी, म्हणजे सर्व्हर, विसराळू असतो, मगाशी कुणी काय मागितलं ते त्याला आठवत नाही. म्हणून १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू मोंटुली यांनी तो तुकडा वेबवर आणला. देवळाबाहेर चप्पल स्टँडवर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखं हे आहे. बिल्ल्यावर नुसता आकडा असतो, कोणती चप्पल कोणाची हे स्टँडवाल्याकडे.

पान दिसावं कसं हे ठरवणाऱ्या सीएसएसमधला कॅस्केड म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा धबधबा, आपल्या सोमेश्वरसारखा. होकोन व्युम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये तो सुचवला. ब्राउझरचे नियम, वाचणाऱ्याचे नियम आणि पान लिहिणाऱ्याचे नियम एकावर एक पडत शेवटचं रूप ठरतं. पानात हालचाल आणणारी जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये दहा दिवसांत उभी केली. आधी ती मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि जावा या दुसऱ्याच भाषेचा बोलबाला होता म्हणून शेवटी जावास्क्रिप्ट. जावा आधी शिकावी लागते, हा समज निव्वळ त्या नावाने पसरवला आहे.

या सगळ्यात मराठी कुठे होती? जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी, म्हणजे १९९१ मध्येच आली. पण पुढची कित्येक वर्षं मराठी पानं फॉन्टच्या भरवशावर चालायची. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसेल तर पानावर नुसती अर्थहीन इंग्रजी अक्षरं दिसत. यूटीएफ-८, म्हणजे युनिकोडचे क्रमांक बाइटमध्ये, संगणकाच्या साठवणीच्या घरांत, लिहिण्याची पद्धत, हिची मांडणी केन थॉम्पसन यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, रॉब पाइक समोर असताना, टेबलावरच्या कागदावर केली. आपल्या पानाच्या डोक्यावरची कॅरेक्टर सेटची, म्हणजे अक्षरसंचाची, ओळ ब्राउझरला हेच सांगते, की खालची अक्षरं त्या मांडणीने वाच.

गेल्या बॅचमध्ये दिंडोरीच्या एका मुलीने ‘नाशिक’ एवढंच लिहिलेलं पान केलं आणि त्या ओळीत मुद्दाम जुन्या पाश्चात्य अक्षरसंचाचं नाव घातलं. पडद्यावर अगम्य चिन्हं आली, आणि त्यात डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ पाच वेळा. “मॅडम, अक्षरं तर तीनच आहेत, मग पाच कशी?” तिने विचारलं. मी फळ्यावर लिहिलं : न, काना, श, वेलांटी, क. प्रत्येकाला तीन बाइट, मिळून पंधरा. पाचही जणांचा पहिला बाइट एकच, म्हणून तो ‘ए’ पाच वेळा. युनिकोडमध्ये काना वेगळा मोजतात. बाबांच्या छापखान्यातही कान्याचा खिळा वेगळा होता, आणि टाइपच्या केसमध्ये त्याला स्वतःचा खण होता.