डोळ्यातली जेली पडद्यापासून सुटते तेव्हा

पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बहुतेकांच्या डोळ्यात कधी ना कधी एक गोष्ट घडते आणि कित्येकांना तिचा पत्ताही लागत नाही. डोळ्याच्या आतली जेली मागच्या, उजेड टिपणाऱ्या पडद्यापासून (रेटिनापासून) सुटी होते. डॉक्टर केसपेपरवर ‘पीव्हीडी’ (पोस्टेरियर व्हिट्रियस डिटॅचमेंट, म्हणजे जेली मागून सुटणं) एवढीच तीन अक्षरं लिहितात. त्यावर ‘वयोमानानुसार होतं’ असं ऐकून पेशंट घरी येतो, आणि मग एक तर विषय सोडून देतो नाही तर रात्रभर इंटरनेट धुंडाळून घाबरून बसतो.

डोळ्याच्या भिंगामागची सगळी पोकळी या पारदर्शक जेलीनं भरलेली असते. तिला व्हिट्रियस म्हणतात. तिचं आकारमान जेमतेम 4 मिलिलिटर, पण डोळ्याचा जवळजवळ चार पंचमांश भाग तिनंच व्यापलेला असतो. त्यात 98 ते 99 टक्के पाणी. उरलेल्यात कोलॅजेनचे अतिसूक्ष्म धागे आणि त्यांच्यामध्ये पाणी धरून ठेवणारं हायल्युरॉनिक आम्ल (हल्ली चेहऱ्याच्या क्रीमवर ज्याचं नाव झळकतं, तेच). धागे एकमेकांपासून ठरावीक अंतरावर असतात तोवर उजेड आरपार जातो. वय वाढतं तशी ही घडी विस्कटते. धागे एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात, आणि ठेवलेल्या दह्याला पाणी सुटावं तसं जेलीत जागोजागी पाणी साचू लागतं. एक दिवस हे पाणी जेली आणि पडदा यांच्यामध्ये शिरतं आणि जेली मागच्या बाजूनं सोलली जाऊन पुढे येते. मोठा मायनस नंबर असलेल्यांना, डोळ्याला मार लागलेल्यांना किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना हे लवकर होऊ शकतं.

सुटताना जेली पडद्याला ओढते, आणि पडद्याला वेदना कळत नाही. त्याला ओढा, दाबा, काहीही करा, तो मेंदूला ‘उजेड दिसला’ एवढंच कळवतो. याचा अनुभव घेता येतो. अंधारात डोळे मिटून, पापणीवरून नाकाकडचा कोपरा बोटानं अगदी हलकेच दाबला, तर विरुद्ध बाजूला, कानाकडे, एक फिकट वर्तुळ दिसतं. (डोळ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी किंवा सध्या डोळ्याची तक्रार असलेल्यांनी हा खेळ करू नये.) जेली ओढते तेव्हाही असंच होतं. अंधाऱ्या खोलीत नजर फिरवली की कानाच्या बाजूला विजेसारखी उभी कमान चमकून जाते. ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ फॉस्टर मूर यांनी 1935 मध्ये या चमकांचं वर्णन केलं आणि त्या निरुपद्रवी असल्याचं सांगितलं. बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. पण ‘बहुतेक वेळा’ या शब्दांवर विसंबून राहणं मात्र बरं नाही.

चमकांच्या जोडीला तरंगणारे ठिपके, दोरे, जाळी येते. त्या धाग्यांच्या पुंजक्यांच्या पडद्यावर पडणाऱ्या सावल्या. निरभ्र आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं की त्या ठळक होतात, आणि नजर झटकन हलवून थांबवली तरी थोड्या पुढे वाहत जातात. डोळ्याच्या नसेभोवती जेली गोलाकार चिकटलेली असते. ती सुटताना तिथलं कडं अनेकदा अखंड निघून येतं. त्याला वाइसचं कडं म्हणतात. तपासताना ते दिसलं की जेली तिथून सुटली, हे डॉक्टरांना लगेच कळतं.

खरी भीती आहे ती जेली जिथे घट्ट चिकटलेली असते तिथे. पडद्याच्या पुढच्या कडेजवळ ती सोडायला तयार नसते, आणि पडदा नाजूक, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. मग जेली सुटण्याऐवजी पडदाच घोड्याच्या नालेच्या आकारात फाटतो. अशी लक्षणं अचानक सुरू झालेल्या साधारण दहा जणांमागे एकाच्या पडद्याला चीर पडलेली सापडते. आत रक्तस्रावही झाला असेल तर शक्यता कितीतरी जास्त. चिरेतून पाणी पडद्यामागे शिरलं की पडदा भिंतीवरून उचलला जातो, आणि नजरेच्या एका बाजूनं काळी सावली सरकत येते. ती मध्यावर येण्याआधी उपचार झाले तर दृष्टी बरीच वाचते, नंतर तेवढी नाही.

शंभर वर्षांपूर्वी असा डोळा बहुधा जायचाच. पडदा का सुटतो यावरच एकमत नव्हतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे नेत्रतज्ज्ञ ज्यूल्स गोनिन यांनी चीर हेच मूळ आहे असं धरून, तापवलेल्या उपकरणानं बाहेरून नेमकी तीच जागा बंद करायला सुरुवात केली. सहकाऱ्यांना ते पटायला बरीच वर्षं गेली. आज चीर वेळेत सापडली तर खुर्चीत बसल्या बसल्या तिच्याभोवती लेसरचे ठिपके देतात, त्यांचे व्रण तयार होऊन पडदा जागच्या जागी धरून ठेवतात, आणि पेशंट त्याच दिवशी घरी जातो.

म्हणून नव्यानं चमका दिसल्या किंवा ठिपक्यांचा एकदम पाऊस पडला तर एका दिवसाच्या आत डोळा तपासून घ्यावा. सावली दिसली तर लगेच, रविवार असला तरी. नंबर तपासून चालत नाही. थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा कडेपर्यंत पाहावा लागतो, त्यासाठी डॉक्टर पापणीवरून छोट्या धातूच्या उपकरणानं डोळा दाबतात. ते जरा नकोसं वाटतं. काही तास धूसर दिसतं, तेव्हा स्कूटर घरीच ठेवून सोबत कुणाला तरी न्यावं. काही चिरा उशिरा पडतात, म्हणून चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. ही दुसरी खेप बरेच जण टाळतात, कारण तोवर चमका थांबलेल्या असतात.

ठिपक्यांवर थेंब नाहीत, गोळी नाही. अननस खाऊन ते विरघळतात हा फॉरवर्ड मलाही आलाय, त्यावर विश्वास ठेवण्याजोगा पुरावा नाही. काही महिन्यांत जेली पडद्यापासून लांब सरकते, सावली पसरट होते आणि मेंदूही तिकडे दुर्लक्ष करायला शिकतो. जेली काढून टाकण्याचं ऑपरेशन आहे. नेत्रतज्ज्ञ रॉबर्ट माखेमर यांनी अमेरिकेत मायामीत 1970 मध्ये ते केलं, त्याआधी त्यांनी आपलं यंत्र अंड्याच्या पांढऱ्या बलकावर चालवून पाहिलं होतं. पण त्यानंतर मोतीबिंदू लवकर होतो, पडद्याला इजाही होऊ शकते, त्यामुळे निव्वळ ठिपक्यांसाठी ते क्वचितच करतात.

आणि दुसऱ्या डोळ्यातही हे बहुधा पुढच्या काही वर्षांत होतं. पहिल्या वेळी सगळं ठीक निघालं होतं, याचा त्या डोळ्याच्या पडद्याशी काही संबंध नसतो. त्याची तपासणी पुन्हा तशीच, थेंब टाकून.