निकट छायाचित्रावरून पक्षिओळख

पक्ष्याचे डोके, चोच, पाय किंवा पंखाचा एखादा भाग एवढेच चौकट भरून आलेल्या छायाचित्रावरून त्याची जाती ठरवणे. पक्षिनिरीक्षकांच्या बोलण्यात याला ‘क्लोज-अपवरून आयडी’ असे म्हणतात. फोटो जितका जवळचा तितकी ओळख सोपी, असा सर्वसाधारण समज आहे. पुष्कळदा त्याच्या उलट अनुभव येतो.

रानात पक्षी ओळखताना अंगलट, बसण्याची ढब, उडण्याची तऱ्हा, आवाज आणि तो झाडावर आहे की चिखलात, या गोष्टी आधी नजरेत भरतात. क्लोज-अपमध्ये यांतले जवळपास काहीच उरत नाही. चौकट भरून बसलेले इवलेसे शिंजीर (सनबर्ड) आणि त्याहून बराच मोठा कोतवाल फोटोत सारख्याच आकाराचे दिसतात. अशा वेळी नाकपुडी, बुबुळाचा रंग, चोचीचा बुंधा, पिसांच्या कडा आणि नखे यांकडे वळावे लागते.

फुलटोच्या (फ्लॉवरपेकर) या चिमुकल्या पक्ष्यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जाड चोचीचा फुलटोच्या बसल्या बसल्या शेपटी डावी-उजवीकडे हलवत राहतो आणि बाहेर तेवढ्यावरून तो लगेच कळतो. फोटोत ही खूण हरवते. पण त्याची निळसर राखाडी, बुंध्याशी दणकट चोच, तांबूस-नारिंगी डोळा आणि छातीवरच्या पुसट रेघा क्लोज-अपमध्ये स्वच्छ दिसतात. टिकेलच्या फुलटोच्याची चोच बारीक आणि फिकट गुलाबीसर असते, डोळा गडद असतो. शिंजिरांच्या बाबतीत मात्र जवळचा फोटो फसवू शकतो. लोटनच्या शिंजिराची चोच जांभळ्या शिंजिरापेक्षा बरीच लांब व अधिक वाकडी असते. पक्ष्याने कॅमेऱ्याकडे तोंड केले की ही लांबी दिसेनाशी होते. एकाच कोनातल्या एका फोटोवर चोचीच्या लांबीचा निकाल देऊ नये, हे यावरून उघड आहे.

रंगावर विसंबणे त्याहून धोक्याचे. शिंजिराची जांभळी-निळी झाक पिसांच्या सूक्ष्म रचनेतून उमटते. त्यामुळे सावलीत किंवा प्रकाशाचा कोन बदलताच तोच नर काळाकुट्ट दिसतो. संध्याकाळचे ऊन पांढऱ्या पोटाला पिवळे करते आणि संगणकावर वाढवलेला गडदपणा नसलेल्या पट्ट्या उभ्या करतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी सावर, पळस, पांगारा फुलले की त्यांवर येणाऱ्या मैना, चष्मेवाले आणि शिंजीर यांच्या कपाळाला पराग चिकटतात. अशा पिवळ्या कपाळाच्या पक्ष्याचा फोटो हाती आला की ही कोणती नवी जात, असा प्रश्न पडतो. वर्षभरात गळून नव्याने येणारी पिसे, पिल्लांचा वेगळा पेहराव आणि रंगद्रव्याच्या अभावाने पडलेले पांढरे डाग यांचीही भर पडते.

क्लोज-अपचे खरे सामर्थ्य पाहायचे तर पाणलाव्यांकडे (स्नाइप, लांब चोचीचे पाणथळ पक्षी) जावे. हिवाळ्यात महाराष्ट्रातील पाणथळ शेतांत आणि तलावांच्या काठी येणाऱ्या पाणलाव्यांत सामान्य पाणलावा आणि सुईसारख्या शेपटीचा पाणलावा उभे असताना कमालीचे सारखे दिसतात. पट्टेदार डोके आणि लांब चोच कितीही टिपली तरी त्यातून फारसे हाती लागत नाही. पक्षी पिसे साफ करताना क्षणभर शेपटी फाकवतो, तो क्षण सापडला पाहिजे. सामान्य पाणलाव्याला शेपटीची पिसे बहुधा 14 असतात. सुईसारख्या शेपटीच्या पाणलाव्याला साधारण 24 ते 28 असतात आणि त्यांतली बाहेरची टाचणीएवढी बारीक असतात. स्विन्होचा पाणलावा या तिसऱ्या जातीची बाहेरची पिसेही अरुंद असतात, पण इतकी नाहीत. पिसे मोजण्याइतका स्पष्ट फोटो असेल, तर येथे तो दुर्बिणीतून तासभर पाहण्यापेक्षा मोलाचा ठरतो. पंख उघडलेला फोटो असल्यास मागच्या कडेची ठळक पांढरी किनार सामान्य पाणलाव्याकडे बोट दाखवते.

रान पिंगळा (फॉरेस्ट आउलेट) या छोट्या घुबडाच्या इतिहासातही अशा बारकाव्यांना मोठे स्थान आहे. 1873 मध्ये वर्णन झालेला हा पक्षी 1884 नंतर शंभरहून अधिक वर्षे कोणालाही खात्रीशीरपणे सापडला नव्हता. नोव्हेंबर 1997 मध्ये सध्याच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ पक्षितज्ज्ञ बेन किंग आणि पामेला रासमुसेन यांना तो पुन्हा दिसला. नेहमीच्या पिंगळ्याच्या माथ्यावर दाट पांढरे ठिपके असतात; रान पिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा असतो. शेपटीवर रुंद पट्टे, पोटाच्या मध्यभागी निर्मळ पांढरा भाग आणि पांढऱ्या पिसांनी भरलेले जाड पाय या त्याच्या आणखी खुणा. मेळघाटात काढलेल्या पिंगळ्याच्या फोटोत केवळ चेहरा आला असेल, तर माथाही चौकटीत आला आहे ना, हे आधी पाहावे.

काही वेळा जातीपर्यंत पोहोचताच येत नाही. विणीच्या हंगामाबाहेर भारतीय आणि चिनी ढोकरी (वंचक) दिसण्यावरून सहसा वेगळ्या करता येत नाहीत. हिरवट पर्णवटवट्या (ग्रीनिश वॉर्बलर) हा छोटा पक्षी आणि त्याचे भाऊबंद यांच्यात आवाज फोटोपेक्षा जास्त खात्रीचा असतो. अशा फोटोखाली ‘ढोकरी, जाती अनिश्चित’ असे लिहिणे ही पूर्ण आणि प्रामाणिक ओळख आहे. अंदाजाने टाकलेले नाव पुढे नोंदींच्या नकाशात दुर्मिळ पक्षी म्हणून जाऊन बसते. कॉर्नेल पक्षिविज्ञान प्रयोगशाळेच्या मर्लिनसारखी पक्षी ओळखून देणारी ॲप फोटोबरोबर ठिकाण आणि तारीखही विचारात घेतात. ठिकाण चुकीचे भरले तर सुचवलेली नावेही चुकू शकतात.

ओळख विचारताना कातरलेल्या फोटोसोबत मूळ फोटो आणि त्याच्या आगेमागे टिपलेले सगळे फोटो द्यावेत. मुख्य फोटोत मिटलेली शेपटी पुढच्याच, जरा हललेल्या फोटोत उघडलेली असू शकते.