फाईल उघडली कोणी, बंद करणार कोण?

मागच्या महिन्यात नागपूरच्या इतवारीतल्या एका धान्याच्या पेढीवर गेलो होतो, महिनाअखेरची बिलं निघायला रात्र पुरत नव्हती म्हणून. कॉम्प्युटरला लिंबू-मिरची टांगलेली. मुनीमजी म्हणाले, "भाऊ, पितृपक्षात आणली ना मशीन, तवापासून असंच करून राह्यली." मशीन एकदम चांगली होती, पितृपक्षाचा काहीच संबंध नव्हता, गडबड प्रोग्राममध्ये होती.

प्रोग्राम कोबोल या कॉम्प्युटरच्या भाषेतला. 1959 साली अमेरिकेत या भाषेची आखणी सुरू झाली, कितीतरी बँकांचे हिशेब आजही तिच्यावरच चालतात, त्यामुळे कोबोल संपली म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. तर इथे बिलाचा मुख्य प्रोग्राम प्रत्येक ओळीसाठी धान्याचा भाव शोधणाऱ्या सबप्रोग्रामला (मदतनीस छोट्या प्रोग्रामला) बोलवायचा, आणि तो दरवेळी धान्याच्या भावांची फाईल उघडायचा, एक भाव वाचायचा, बंद करायचा. म्हणजे एकेका पोत्यासाठी गोदामाचं कुलूप काढायचं आणि परत लावायचं! फाईल उघडताना सिस्टीम ती डिस्कवर शोधते, परवानगी तपासते, बफरला, म्हणजे डेटा तात्पुरता थांबतो त्या मेमरीला, जागा देते. प्रत्यक्ष वाचणं त्यामानाने किरकोळ.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. कोबोलचा सबप्रोग्राम काम करून परतला तरी त्याची वर्किंग-स्टोरेज, म्हणजे त्याचा डेटा ठेवायची जागा, सहसा पुसली जात नाही, पुढच्या वेळी बोलावलं की सगळं जसंच्या तसं असतं, उघडी फाईलसुद्धा. म्हणून तिथे एक फ्लॅग, म्हणजे खुणेचं अक्षर, ठेवायचा, सुरुवातीला 'N', पहिल्या वेळी फाईल उघडून 'Y' करायचा, पुढच्या वेळी नुसतं वाचायचं. फ्लॅग विसरलात तर दुसऱ्याच वेळी फाईल स्टेटस (फाईलचं काम कसं झालं ते सांगणारा आकडा) 41, म्हणजे आधीच उघडी आहे. न उघडलेली बंद करायला गेलात तर 42. सबप्रोग्रामला कॅन्सल दिलं, म्हणजे त्याला पुन्हा कोरा केला, की फाईल बंद होते आणि पुढच्या कॉलला फ्लॅगही पुन्हा 'N', दोघं सोबतच बदलतात. पण फाईल एक्स्टर्नल केली की ती सगळ्या प्रोग्राम्सची सामाईक, फ्लॅग मात्र तुमचा एकट्याचा, मग मुख्य प्रोग्रामने ती मध्येच बंद केली तरी तुमचा फ्लॅग 'Y'च म्हणतो आणि वाचताना 47 येतो, म्हणजे फाईल वाचायला उघडीच नाही. इथे मी स्वतः दोन दिवस अडकलो होतो, म्हणून सांगतो, जो उघडेल त्यानेच बंद करायची.

आणि शेवटी स्टॉप रन, म्हणजे प्रोग्राम संपवायची आज्ञा, फाईल बंद करेलच, असं म्हणून सोडूही नका. लिहायच्या फाईलचा डेटा बफरमध्ये थांबलेला असू शकतो, तेवढ्यात मे महिन्यातली आपली लाईट गेली की इंडेक्स, म्हणजे कुठली नोंद कुठे आहे त्याची यादी, अर्धवट राहतो.

पेढीवर मी सबप्रोग्रामला एक अक्षर जास्तीचं पाठवायला लावलं, 'R' आलं तर वाच, 'C' आलं तर बंद कर, आणि शेवटच्या बिलानंतर एकदाच 'C'. चहा संपायच्या आत बिलं प्रिंटरवर होती. लिंबू-मिरची मुनीमजींनी स्वतःच काढली.