गाडी उचलायच्या आधी खाली वाकून बघा

(जुन्या मारुती जिप्सी, महिंद्रा एमएम ५४०, मेजर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

"भाऊ, गाडी उच्ची करनी शे," म्हणत गिऱ्हाईक येतं, तेव्हा आम्ही एकच विचारतो: खाली नेमकं घासतं काय? उत्तर बहुतेक वेळा सारखंच. केळीच्या नाहीतर कापसाच्या शेतात ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जाताना मधला उंचवटा मागच्या हाउसिंगच्या (अ‍ॅक्सलच्या) मधल्या गोळ्याला, म्हणजे डिफरन्शियलला लागतो.

आता गंमत अशी की पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) दोन इंच उचला नाहीतर पाच, तो गोळा आहे तिथंच राहतो. पाट्यांनी वर जाते ती चासी आणि बॉडी. गोळा वर नेतो फक्त टायर, तोही वाढलेल्या उंचीच्या निम्माच. जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५, म्हणजे साधारण ६६८ मिलिमीटर उंच. २१५/७५ आर १५ टाकला तर ७०३. वाढले ३५, गोळ्याला मिळाले जेमतेम १८. २३५/७५ आर १५ ला ७३३, म्हणजे गोळा सव्वा इंच वर. एवढीच खरी कमाई. पाटे उचलायचे ते हा मोठा टायर मडगार्डला लागू नये आणि नाल्यात उतरताना बंपर टेकू नये म्हणून.

त्यातही आधी जुने पाटे दबून खाली बसलेत का ते बघावं. साक्रीकडच्या एका जिप्सीची डावी बाजू उजवीपेक्षा पाऊण इंच खाली होती. मालकाला दोन इंच लिफ्ट हवी होती. पाटे उतरवले तर मुख्य पाट्याला डोळ्याजवळ (टोकाच्या वेटोळ्याजवळ) केसासारखी चीर, आणि बुशांचा नुसता भुगा. नवे पाटे, बुश आणि शॉकअप टाकले, गाडी मूळ उंचीवर आली आणि २१५ चे टायर न घासता बसले. लिफ्टचा खर्च वाचला. आमचं बिल कमी झालं, चालायचंच.

तरीही उचलायचीच असेल तर दोन इंचांपर्यंत, तीही जास्त कमानीच्या नव्या पाट्यांवर. लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या) स्वस्त पडतात, पण दोन इंच लांब शॅकलनं गाडी एकच इंच उचलते आणि हाउसिंग फिरल्यामुळे पुढच्या चाकांचा कॅस्टर (स्टेअरिंग सरळ ठेवणारा कोन) बिघडतो. मग धुळे-सुरत हायवेला गाडी ऐंशीवर गेली की स्टेअरिंग हातात तरंगायला लागतं. जुन्या संचात एखादा जाड पाटा घुसवला तर गाडी उचलते खरी, पण इतकी आदळते की मागच्या सीटवर म्हातारं माणूस बसवू नका. पुढच्या पाट्यांखाली ठोकळे आम्ही कोणत्याही पैशात लावत नाही. ब्रेक मारताना सगळा जोर तिथंच येतो.

पाटे हाउसिंगच्या खालून काढून वर घेतले की एकदम पाच इंचांच्या आसपास उंची मिळते. दिसतंही झोकदार. पण मग ड्रॅग लिंक (स्टेअरिंगचा दांडा), ब्रेकचे होज, गिअरबॉक्सकडून हाउसिंगला जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन, सगळंच नव्यानं करावं लागतं. घरातली रोज बाजाराला जाणारी गाडी आम्ही अशी करत नाही.

दोन इंच उचलल्यावरही प्रोपेलर शाफ्टचा सरकता जोड किती बाहेर आला ते मोजतो, त्याच्या सांध्यातले क्रॉस बघतो, चाक मोकळं लटकवून ब्रेकचा होज ताणला जात नाही ना ते पाहतो. मग एक चाक रॅम्पवर चढवून स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवतो. टायर पाट्याला घासला तर काळा ओरखडा लगेच दिसतो. पाटे हाउसिंगला आवळणारे यू-बोल्ट कायम नवे टाकतो आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळतो. त्यासाठी गाडी नक्की आणा, पैसे लागत नाहीत.

टायरचं सांगायचं तर आपली काळी माती ओली झाली की रुंद टायरच्या बारीक नक्षीत गच्च बसते आणि चाकाचा नुसता लाडू होतो. मोकळ्या, खोल गोट्यांचा टायर घ्या, जास्त रुंद नको. तापीच्या वाळूत मात्र रुंदी कामाची. तिथं हवा अठरा-वीस पीएसआयवर आणून बघा, निम्म्या लोकांना मोठा टायर लागतच नाही. डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरा. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात हवा सकाळी, टायर गार असतानाच तपासावी. जुना टायर स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. बाजूला चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला.

मोठ्या टायरची किंमत इंजिन आणि ब्रेक मोजतात. जिप्सी किंगला २३५/७५ टाकल्यावर मीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी साधारण सहासष्टनं पळत असते. सातपुड्यात तोरणमाळच्या चढाला पूर्वी तिसऱ्यात जाणारी गाडी दुसरा मागते. एमएम ५४० ला चारही ड्रम असतील तर आधी लायनर आणि सिलिंडर, मग टायर. मागच्या दारावरची स्टेपनीही जड होते. बिजागरीजवळचा पत्रा फाटलेल्या गाड्या आमच्याकडे येतच असतात.

कायद्याचं स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पंधरा वर्षं झालेली गाडी रि-पासिंगला नेतानाही हे अडतं, एमएच १८ (धुळे) असो, १९ (जळगाव) असो की ३९ (नंदुरबार). अपघात झाला तर विमावालाही याच मुद्द्यावर बोट ठेवू शकतो. म्हणून आधी कंपनीनं त्या मॉडेलला दिलेल्या मापांतच काय जमतं ते बघतो, आणि काढलेले जुने पाटे, टायर तुमच्याच ताब्यात देतो. भंगारात घालू नका.

माप घ्यायला गाडी सकाळी आणा, आर.सी. सोबत ठेवा, आणि खालून धुऊन आणा. चिखलाखालची चीर आम्हालाही दिसत नाही.