योगसाधना आणि अहंकार

योगासनं, प्राणायाम, ध्यान नेमाने केलं की माणसाचा 'मी' कमी होतो की उलट वाढतो, हा वाद तसा जुनाच. ठाणे-नवी मुंबईत तो जरा जास्त रंगतो, कारण उपवन तलावाच्या काठावर, खारघरच्या सेंट्रल पार्कात, सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये सकाळी सकाळी मॅट अंथरलेल्याच असतात, आणि घंटाळी मित्र मंडळ, अंबिका योग कुटीर अशा जुन्या संस्थांमुळे ओळखीत कोणी ना कोणी काकू नाहीतर आजोबा योग शिकलेले सापडतातच.

ग्रंथांमध्ये दोन्ही बाजू आहेत. पतंजलीने पाच क्लेश सांगितले: अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश. यातली अस्मिता म्हणजे 'मी'पणाचं मूळ, आणि साधनेने हे क्लेश पातळ होतात असं तो म्हणतो. पण पुढे योगसूत्रांच्या विभूतिपादात (सिद्धींवरच्या तिसऱ्या भागात) तोच बजावतो की देवता स्वतः बोलवायला आल्या तरी भुलू नका आणि गर्व करू नका, नाहीतर परत घसराल. म्हणजे धोका नवशिक्याला नाहीच, ज्याची साधना चांगली चाललीय त्याला आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातही हेच, अहंकार अज्ञान्याच्या फारसा मागे लागत नाही, जाणत्याच्याच गळ्याला झोंबतो. चांगदेवांची गोष्ट तर सगळ्यांना माहितीच आहे, योगबळावर चौदाशे वर्षं जगले म्हणतात, पण ज्ञानेश्वरांना पत्र लिहिताना मायना काय लिहावा हेच ठरेना, वयाने लहान म्हणून आशीर्वाद द्यावा की अधिकाराने मोठा म्हणून नमस्कार, शेवटी कोरा कागद पाठवला आणि मुक्ताबाई म्हणाली, एवढं जगून हा कोराच राहिला.

आधुनिक मानसशास्त्रात या विषयावर गाजलेला अभ्यास 2018 चा, जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठाच्या योखेन गेबाउअर आणि सहकाऱ्यांचा. योग शिकणाऱ्या 93 जणांना 15 आठवडे आणि ध्यान करणाऱ्या 162 जणांना 4 आठवडे फॉलो केलं. योग किंवा ध्यान केल्यावर आणि न करता असं दोन्ही वेळा त्यांना विचारलं, तर केल्यावर लोक स्वतःला इतरांपेक्षा भारी समजत होते, आणि हे मैत्रीभावनेच्या ध्यानातही झालं, जिथे सगळ्यांचं भलं होवो एवढंच मनात घोळवायचं असतं! त्याहून मजेशीर म्हणजे साधनेनंतर जे बरं वाटतं त्याचा संबंधही या फुगलेल्या 'मी'शी जुळला. कारण त्यांनी दिलं ते साधं आहे, ज्या गोष्टीचा आपण सराव करतो ती आपली ओळख बनते आणि मग त्यात आपण सरस आहोत असं वाटायला लागतं. पोहायला शिकलेला जसा काठावरच्यांकडे बघतो तसंच.

आपल्याकडे हे दिसतं कुठे तर शीर्षासनाचा फोटो ग्रुपवर टाकणं, विपश्यनेचा दहा दिवसांचा कोर्स करून आल्यावर (तिथे बोलायचंच नसतं) ऑफिसात महिनाभर त्याच्यावरच बोलणं, चहा घेणाऱ्याला 'तुम्ही अजून घेता?' असं विचारणं. गंमत म्हणून ठीक आहे, पण ज्यांच्या घरी असा साधक आहे त्यांना विचारा.

सगळ्या साधना मात्र एका मापाने मोजू नयेत. नेदरलँड्समधल्या रोस वोंक आणि अनौक विसर यांच्या 2021 च्या अभ्यासात आध्यात्मिक श्रेष्ठत्वाची भावना ऑरा (शरीराभोवतीचं म्हणे तेजोवलय), ऊर्जा वगैरे शिकणाऱ्यांमध्ये जास्त निघाली, माइंडफुलनेसवाल्यांमध्ये, म्हणजे चालू क्षणाकडे नुसतं लक्ष देण्याचा सराव करणाऱ्यांमध्ये, कमी. शिवाय अनुभवी ध्यान करणाऱ्यांच्या मेंदूत, स्वतःबद्दल विचार करताना जे भाग जागे असतात, ते ध्यानाच्या वेळी शांत असतात असंही दिसलंय, पण ते ध्यानाच्या वेळचं झालं, सासूबाईंशी बोलतानाचं नाही.

गेबाउअरवर पटण्यासारखा आक्षेप एकच, 15 आठवडे म्हणजे काहीच नाही, पतंजलीने अभ्यास दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने करायला सांगितलाय. आक्षेप रास्त आहे. फक्त तो धरला तर तीन महिन्यांच्या बॅचनंतर 'माझा इगो गेला' म्हणणाऱ्यालाही तोच लागू पडतो.