हार्मोन, मन आणि ‘तीन महिने थांबा’ : मागचा इतिहास

नागपुरात ट्रान्स मंडळींमध्ये (जन्मावेळी ठरवलेलं लिंग आणि स्वतःची ओळख जुळत नाही अशी माणसं) शरीर आपल्या ओळखीकडे नेणाऱ्या हार्मोनचा विषय निघाला की गोळी कोणती, इंजेक्शन केवढ्याचं हे सगळं नंतर, आधी बोलणं निघतं ते चिठ्ठीचं. मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी. धंतोली-रामदासपेठेत हार्मोनच्या डॉक्टरकडे जा नाहीतर सरकारी दवाखान्यात ओपीडीच्या लाईनीत लागा, चिठ्ठी सहसा मागतातच, आणि ती मिळायला किती चकरा अन् किती महिने लागतील हे ज्याच्या त्याच्या नशिबावर. त्यात मानसोपचार म्हटलं की घरच्यांना अजूनही सरळ पागलखानाच आठवतो, मग कितीतरी जण तिथूनच परत फिरतात. ही चिठ्ठी आणि तिच्यासोबतचं थांबणं आलं कुठून, आणि थांबवून ठेवल्यानं मनाचं काय होतं हे कोणी तपासलं का, एवढ्यासाठी ही पार्श्वभूमी. फक्त 18 च्या वरच्यांबद्दल.

फार जुनं पटकन सांगतो. 1930 च्या दशकात युरोपात सेक्स हार्मोन प्रयोगशाळेत बनायला लागले, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) 1935 मध्ये, आणि पोटातून घ्यायचं कृत्रिम एस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन) 1938 मध्ये. ह्यातलं दुसरं लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे. त्याआधी 1919 मध्ये बर्लिनमध्ये लैंगिकतेचा अभ्यास आणि अशा लोकांवर उपचार करणारी एक संस्था निघाली होती, ती 1933 मध्ये नाझींनी लुटली आणि तिची पुस्तकं भर चौकात जाळली, म्हणजे जमा झालेलं बरंचसं ज्ञान तिथंच राख झालं. 1952 च्या शेवटी एका माजी अमेरिकन सैनिकाची डेन्मार्कमधल्या हार्मोन आणि ऑपरेशनची बातमी जगभर छापून आली. 1966 मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरनं पुस्तक लिहून मांडलं, की मन बदलायचे इतके उपाय फसले तर शरीर मनाकडे न्यायला काय हरकत आहे. तोपर्यंत बहुतेक ठिकाणी इलाज म्हणजे मनालाच दुरुस्त करणं, त्यात शॉकसुद्धा आले.

खरा गुंता 1979 चा. त्या एका वर्षात दोन गोष्टी झाल्या आणि दोन्हीची सावली आजच्या ओपीडीपर्यंत आहे.

पहिली म्हणजे अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या विद्यापीठानं ट्रान्स लोकांवरची ऑपरेशनं बंद केली. कारण दिलं एका अभ्यासाचं, की ऑपरेशन झालेले आणि न झालेले ह्यांच्या सामाजिक स्थितीत ‘वस्तुनिष्ठ’ फरक दिसत नाही. आता ही वस्तुनिष्ठता मोजली कशी, तर नोकरी कशी आहे, पोलिसात अटक झाली का, लग्न झालं का आणि झालं तर ‘योग्य’ लिंगाच्या जोडीदाराशी झालं का, मानसोपचार घेतले का, अशा गोष्टींना मार्क देऊन. माणसं स्वतः समाधानी आहेत हे त्याच अभ्यासात लिहिलेलं होतं पण निकाल द्यायला ते पुरेसं धरलं नाही. माझ्या मते ह्या विषयातली सगळ्यात महागात पडलेली चूक हीच, कारण ज्या माणसाला समाज नोकरी देत नाही आणि पोलीस उठवून नेतात त्याच्या नोकरी-पोलिसाच्या नोंदीवरून औषधाला नापास करणं हा उलटा हिशोब आहे. अभ्यास ऑपरेशनचा होता, हार्मोनचा नाही, तरी नंतर बऱ्याच दवाखान्यांनी पूर्ण कामच गुंडाळलं आणि ‘ह्यानं मनाला काही फायदा होत नाही’ हे वाक्य पुढं कित्येक वर्षं फिरत राहिलं.

दुसरी गोष्ट, त्याच वर्षी ह्या क्षेत्रातल्या डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेनं पहिली नियमावली काढली. तिच्यात होतं, की हार्मोनची शिफारस करणाऱ्या मानसोपचारवाल्यानं त्या व्यक्तीला किमान तीन महिने ओळखलेलं असावं. तीन महिने! हाच आकडा थोडा रूप बदलून 2001 च्या आवृत्तीतही होता : हार्मोनच्या आधी एकतर तीन महिने आपल्या खऱ्या ओळखीत जगून दाखवा, नाहीतर साधारण तीन महिने थेरपी घ्या. जगून दाखवा म्हणजे दाढी दिसते, आवाज जाड आहे, अशा अवस्थेत साडी नेसून सीताबर्डीच्या गर्दीतून कामावर जा, आणि ते निभावलं तर मग औषध. इथं राहणाऱ्या कोणालाही विचारा ह्यात धोका केवढा आहे ते.

डॉक्टरांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. आवाज एकदा फुटला की परत बारीक होत नाही, एस्ट्रोजेननं छाती वाढली की गोळी बंद केल्यानं जात नाही, मूल होण्याची शक्यता कमी होते, आणि एखाद्याला वेगळाच मानसिक आजार असेल तर तो आधी ओळखायला हवा. ही काळजी खोटी नव्हती. पण तीनचा आकडा तज्ज्ञांनी आपसात बसून ठरवलेला, चाचणीतून आलेला नाही. आणि सगळ्यांनी एक गोष्ट धरून घेतली, की औषध देण्यात जोखीम आहे, थांबवण्यात नाही. पुढच्या 40 वर्षांचा सगळा घोळ ह्या समजुतीत आहे.

मधल्या काळात अभ्यास झाले पण बहुतेक कच्चे. 2010 मध्ये 28 अभ्यास एकत्र करून 1,833 लोकांचा आढावा निघाला, त्यात हार्मोनसकट उपचार घेतलेल्यांपैकी साधारण 80 टक्क्यांना शरीराबद्दलच्या त्रासात आराम आणि जवळपास तेवढ्यांनाच मनाच्या लक्षणांत सुधारणा होती, पण लेखकांनीच सांगितलं की पुराव्याचा दर्जा फार कमी आहे, कारण तुलनेला दुसरा गटच नसतो. 2011 मध्ये स्वीडनचा अभ्यास आला, 1973 ते 2003 मध्ये ऑपरेशन झालेल्या 324 लोकांचा, त्यात आत्महत्येचं प्रमाण सामान्य लोकांपेक्षा बरंच जास्त निघालं. हा आकडा आजही व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बघा, उपचारानं नुकसान होतं’ म्हणून फिरून राहिला आहे. अरे पण तुलना सामान्य लोकांशी आहे, उपचार न मिळालेल्या ट्रान्स लोकांशी नाही! त्यावरून उपचारानं नुकसान झालं असं काढताच येत नाही, आणि हे त्या अभ्यासातच लिहिलंय.

दुसऱ्या बाजूनंही घाई झाली, ते लपवून चालणार नाही. 2019 मध्ये परत स्वीडनमधूनच 2,679 लोकांच्या नोंदींवर अभ्यास आला, त्यात हार्मोन किती वर्षं चालू आहेत ह्याचा मानसोपचाराच्या गरजेशी संबंध दिसला नाही पण ऑपरेशननंतर वर्षं जातात तशी गरज कमी होते असं म्हटलं, आणि ती बातमी जोरात चालली. मग सांख्यिकीवाल्यांनी हरकती घेतल्या आणि 2020 मध्ये त्याच नियतकालिकाला दुरुस्ती छापावी लागली, की निष्कर्ष फार पक्का मांडला होता. 2021 चा हार्मोनवरचा मोठा आढावा जास्त सांभाळून बोलला : जगण्याचा दर्जा वाढतो, डिप्रेशन आणि अँग्झायटी कमी होते, पण खात्रीची पातळी कमी, आणि आत्महत्येनं होणाऱ्या मृत्यूंबद्दल सांगण्याइतका पुरावाच नाही.

आणि मग 2023. ऑस्ट्रेलियातल्या काही डॉक्टरांच्या लक्षात आलं की त्यांच्याकडे टेस्टोस्टेरॉनसाठी तीन महिन्यांची वेटिंग तशीही आहेच. मग त्यांनी औषध मागणाऱ्या 64 प्रौढांचे लॉटरीसारखे नशिबावर सोडून दोन गट केले, एकाला लगेच सुरू, दुसऱ्याला नेहमीसारखं तीन महिन्यांनी. म्हणजे कोणाला नेहमीपेक्षा जास्त थांबवलं नाही, तरी तुलनेला खरा गट मिळाला. लगेच औषध मिळालेल्यांचं डिप्रेशन नेहमीच्या 27 मार्कांच्या मापावर दुसऱ्या गटाच्या तुलनेत साडेपाच मार्कांच्या वर उतरलं, आणि ज्यांच्या डोक्यात सुरुवातीला जीव देण्याचे विचार होते त्यांच्यातल्या 52 टक्क्यांचे ते विचार तीन महिन्यांत थांबले, थांबवलेल्या गटात फक्त 5 टक्क्यांचे.

ह्यावर टीका झाली आणि ती ऐकण्यासारखी आहे. गट छोटा, मुदत छोटी, आणि आपल्याला औषध मिळालं की नाही हे सगळ्यांना माहीत, तर मग फरक औषधाचा की नंबर लागल्याच्या आनंदाचा? बरोबर आहे, हे वेगळं काढता येत नाही. टेस्टोस्टेरॉननं आवाज फुटू लागणं, पाळी थांबणं हे पहिल्या काही महिन्यांतच सुरू होतं, मग खोटं औषध देऊन फसवणार तरी कोणाला. पण मला विचाराल तर ही टीका उलट मूळ प्रश्नालाच हात घालते. नंबर न लागल्यानं मन एवढं खाली राहत असेल तर थांबणं ही बिनधोक गोष्ट उरतच नाही, आणि 1979 पासून तिला बिनधोक धरूनच नियम लिहिले गेले. तोवर नियमही सैल झालेच होते, 2011 च्या आवृत्तीत तीन महिन्यांची अट गेली, 2022 च्या आवृत्तीत प्रौढांसाठी एका जाणकार तज्ज्ञाचं मूल्यमापन पुरे झालं.

त्या चाचणीत फक्त टेस्टोस्टेरॉन होतं, ट्रान्स स्त्रियांना ते आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. आणि इथं 1938 ची गोळी परत येते. चिठ्ठी मिळत नाही, डॉक्टर समजून घेत नाही, मग डेऱ्यातली (गुरू-चेल्यांच्या एकत्र घरातली) कोणी मोठी सांगते तशा मेडिकलवरून गर्भनिरोधक गोळ्या आणायच्या आणि दिवसाला दोन-चार घ्यायच्या. ह्या गोळ्यांत बहुतेक तेच कृत्रिम एस्ट्रोजेन असतं, ज्यानं रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. नेदरलँड्समधल्या 966 ट्रान्स स्त्रियांच्या 2011 च्या अभ्यासात ते सध्या घेणाऱ्यांमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारानं मृत्यूचा धोका तिपटीनं जास्त दिसला, आणि तिकडच्या डॉक्टरांनी ते कधीच सोडून दिलंय. मनाचंही तसंच, कधी पैसे आहेत तर जास्त, नाही तर बंद, ह्यानं मूड वरखाली होतो. पुरुषी हार्मोन दाबणारं एक औषध इकडे सर्रास चालतं, त्याच्याही दुष्परिणामांत डिप्रेशन आहे. रक्त तपासून, बेताच्या डोसमध्ये घेतलेले हार्मोन आणि हे, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थांबवलेला माणूस नुसता बसून राहत नाही, तो दुसरा रस्ता धरतो. (डोक्यात जीव देण्याचे विचार येत असतील तर सरकारचा 14416 हा नंबर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.)

हार्मोननं सगळं होतं असंही नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्ये 1972 ते 2017 मध्ये आलेल्या 8,263 लोकांमध्ये 49 आत्महत्या झाल्या, उपचाराआधी, चालू असताना, संपल्यावर, सगळ्या टप्प्यांवर. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ पाहिजेच, पण सोबतीला, दारावर पहाऱ्याला नाही.

आपल्याकडे 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात ओळख स्वतः ठरवायची आणि ऑपरेशनची सक्ती बेकायदा, हे आलं. 10 जानेवारी 2020 पासून लागू झालेल्या मूळ कायद्यात ट्रान्स असण्यासाठी हार्मोन घेतलेले असण्याची अट नव्हती, आणि समुपदेशन, हार्मोन, ऑपरेशनची सोय करणं सरकारवर टाकलं होतं. रोगांच्या जागतिक यादीतही 2022 पासून ट्रान्स असणं मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढलं. त्याच वर्षी केंद्र सरकारकडून ट्रान्स लोकांसाठी वर्षाला 5 लाखांच्या विम्याची घोषणा झाली, ‘मन दुरुस्त करायचे’ इलाज हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरलं. 2024 मध्ये ब्रिटनचा मोठा अहवाल आला तो मुलांच्या आणि किशोरांच्या उपचाराबद्दल, तरी आता तिशीतल्या माणसालाही तोच दाखवून ‘बाहेर तर बंद करून राहिले’ असं सांगतात.

म्हणजे 2020 च्या मूळ कायद्यानं कलेक्टर ऑफिसमधून ट्रान्स म्हणून ओळखपत्र काढायला डॉक्टरचा एकही कागद लागत नव्हता, आणि हार्मोनसाठी मात्र चिठ्ठी लागते, जिची मुदत, तपासणी, फी, काहीच ठरलेलं नाही, एक डॉक्टर दोन भेटींत देतो तर दुसरा घरच्यांना घेऊन या म्हणतो, जेव्हा की समोरचा माणूस सज्ञान आहे.